ड्रायव्हरची सीट, कंडक्टरचे पाय

बाळ्या,

परवा तू आलास, दारात उभा राहिलास आणि ‘काका, कसे आहात?’ एवढं म्हणायला तुला दोनदा दम घ्यावा लागला. तिसराच मजला आहे आपला. तुझी काकू म्हणाली, ट्रॅफिकमधून आलाय, दमलाय पोर. मी काही बोललो नाही. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर उभं राहून मी आयुष्यभर माणसं जिना चढून येताना पाहिली आहेत. ट्रॅफिकने दमलेला माणूस वेगळा दिसतो आणि जिन्याने दमलेला वेगळा.

मग चहा पिताना तू म्हणालास, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. कुठले रिपोर्ट म्हणून विचारलं, तर तीन वर्षांपूर्वी कंपनीने काढलेले. अरे, तीन वर्षांपूर्वीचं तिकीट दाखवून आज गाडीत बसू दिलं असतं का मी तुला?

तू आता ४१चा. तुझे बाबा असते तर हे त्यांनीच सांगितलं असतं. ते का नाहीत, ते तुला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं सांगतो. समोर बसवून सांगायला गेलो की तू मोबाइल बघतोस, म्हणून लिहून देतोय.

तुझे बाबा ड्रायव्हर, मी कंडक्टर. बेस्टमध्ये कित्येक वर्षं आमची ड्युटी एका गाडीवर लागायची. ते केबिनमध्ये, मी वरच्या मजल्यावर, खाली तिसरा कोणीतरी. त्यांना सुपारीचं खांड चालायचं नाही. एकादशी, वारीला जाणाऱ्यांना निरोप, वेळेवर घरी. मी मात्र शेवटच्या स्टॉपवर गाडी टेकली रे टेकली की बिडी काढायचो. दिवसाला एक बंडल. वर तंबाखू-चुन्याची डबी वेगळीच. चाळीत सगळे म्हणायचे, कंडक्टरमास्तर आधी जाणार. तुझी काकूही धरून चालली होती.

१९९७च्या जानेवारीत तुझे बाबा गेले. ५३ वर्षांचे होते. तू १३चा.

ती रात्र तुला झोपेतून उठवल्यापासूनची आठवत असेल. त्याआधीची ऐक. जेवण झालं अकराला. त्यानंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं, असं नाहीच. त्यांना ‘दडपल्यासारखं’ वाटायला लागलं. छातीवर कोणीतरी पोतं ठेवलंय असं. जबडा दुखत होता, घाम फुटला होता, जानेवारीत. ते म्हणाले, गॅस धरलाय. सोडा प्यायले. ओवा चावला. तुझ्या आईने पोटाला हिंग लावला. बरं वाटल्यासारखं झालं, पुन्हा वाढलं. कशाला लोकांना रात्री उठवायचं, सकाळी बघू. तुझी आई माझ्या दारावर आली तेव्हा साडेचार वाजले होते. म्हणजे साडेपाच तास. हृदयाच्या स्नायूला रक्त नेणारी वाट बंद झाली की पहिल्या तासा-दीड तासात जेवढं वाचवता येतं, तेवढं नंतर येत नाही. आम्ही तो वेळ ओव्यात घालवला.

म्हणून सगळ्यात आधी हे, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. छातीत दडपण, आवळल्यासारखं, ते हाताकडे, खांद्याकडे, जबड्याकडे सरकणारं, त्याबरोबर घाम, मळमळ, धाप, आणि पाच-दहा मिनिटांत जात नसेल, तर १०८ लावायचा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, जिने उतरत जायचं नाही. बायकांना आणि साखर असलेल्यांना छातीत फारसं दुखतही नाही कधी कधी, नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तरी तोच नंबर आणि तीच घाई. ती बहुतेकदा मेंदूची वाट बंद झालेली असते, आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते. गॅसच निघाला तर डॉक्टर हसतील. हसू देत.

आता माझं. मी रिटायर झालो २०१०ला. पुढच्या वर्षी उजवी पोटरी धरायला लागली. घरातून निघून मंडळाच्या फळ्यापर्यंत गेलो की पोटरीत गोळा यायचा. तिथे उभं राहिलं की तीन-चार मिनिटांत जायचा. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा. लोकांना कळू नये म्हणून मी फळा वाचत उभा राहायचो. रक्तदान शिबिर, अमुक यांचं दुःखद निधन, दहावीच्या मुलांचा सत्कार. तोच मजकूर आठ-आठ दिवस, तरी वाचायचो. वात आहे म्हणून तेल चोळलं, गुडघ्याला पट्टा बांधला. दुखतंय कुठे आणि पट्टा कुठे!

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दंडाचं ब्लडप्रेशर घेतलं आणि मग तोच पट्टा माझ्या घोट्याच्या वर गुंडाळला. मी म्हटलं, साहेब, पायाचं पण प्रेशर असतं? ते म्हणाले, तुमच्या पायाला पुरेसं नाहीये, तेच बघतोय. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. नीट असलं तर १च्या आसपास यायला हवं, ०.९च्या खाली आलं की पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली असं धरतात. माझं ०.६ आलं. नडगीवरचे केस गेले होते, कातडी चकाकत होती, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार होतं. हे सगळं मी वर्षभर बघत होतो आणि वय झालं म्हणत होतो.

हृदयात असो, मेंदूत असो, पायात असो, आजार एकच. हे मला तेव्हा कळलं. तुझ्या बाबांना जे छातीत झालं तेच मला पोटरीत झालं. आणि ज्याच्या पायात निघतं त्याच्या हृदयातही बहुतेकदा असतंच, म्हणून डॉक्टरांनी लगेच माझा ईसीजी, इको सगळं करून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, काय काम करायचात? मी सांगितलं, डबलडेकरवर कंडक्टर. ते पेन ठेवून हसले. म्हणाले, तुम्हाला खरं तर व्हायला नको होतं! आणि त्यांनी ती लंडनची गोष्ट सांगितली. नंतर माझ्या नातीने ती शोधून मला नीट वाचून दाखवली.

जेरी मॉरिस म्हणून एक डॉक्टर होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर हृदयविकार एवढा का वाढतोय, हे ते शोधत होते. त्यांनी लंडनच्या बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर घेतले, ३५ ते ६४ वयाचे, हजारोंनी. पगारात फार फरक नाही, वस्ती एक, गाडीही एकच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, झाला तरी उशिरा, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरंच कमी. त्यांनी मग पोस्टमन बघितले, तिथेही तेच. पत्रं वाटत हिंडणारा बरा, टेबलाशी बसणारा वाईट. हे मॉरिससाहेब स्वतः ९९ वर्षं जगले. २००९ साली गेले.

तिथे एकच कंडक्टर दोन्ही मजले सांभाळायचा. आपल्याकडे वर एक, खाली एक, त्यामुळे तेवढ्या पायऱ्या माझ्या नशिबी नव्हत्या. पण बसणं नव्हतंच. गचके खात, दांड्याला खांदा टेकवून, आठ तास उभं आणि चालणं. ते पाय मला तुझ्या बाबांपुढे पंचवीस-तीस वर्षं घेऊन आले. आणि तेच पाय बिडीने खाल्ले. पायाच्या रक्तवाहिन्यांचा सगळ्यात मोठा शत्रू तंबाखूचा धूर आहे, हे मला ५९व्या वर्षी सांगितलं गेलं.

तुझे बाबा निर्व्यसनी आणि मी चालता. दोघंही एकेका बाजूने पास, आणि दोघंही नापास. कंडक्टर दिवसाच्या शेवटी हिशेब भरतो ना, तेव्हा खिडकीवरचा माणूस असं म्हणत नाही की मास्तर, तुम्ही प्रवाशांशी गोड बोलता, दहा रुपये कमी असले तरी चालतील. जेवढे कमी तेवढे खिशातून भरायचे. तू परवा म्हणालास, ‘मी सिगारेट ओढत नाही, दारू नाही, मला काय होणार?’ हे वाक्य मी आधी ऐकलंय. केबिनच्या खिडकीतून.

त्या मॉरिसचीच आणखी एक गंमत. लोकांनी शंका काढली की मुळात जाडे लोक ड्रायव्हर होत असतील, काटक लोक कंडक्टर. साहेबाने काय केलं, बसकंपनीकडून युनिफॉर्मची मापं मागवली! १९५६ साली तो अभ्यासही छापला. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला खरंच मोठ्या निघाल्या, अगदी नव्याने लागलेल्या पोरांच्यासुद्धा. म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती. पण सारख्या मापाची पँट घालणारे दोघं घेतले, तरी कंडक्टरच वरचढ. जाडा कंडक्टरसुद्धा जाड्या ड्रायव्हरपेक्षा बरा.

तेव्हा घरात शिंप्याचा टेप आहे का बघ. नसेल तर मी देतो, काकूच्या मशीनच्या खणात पडलाय. सकाळी, बनियन वर करून, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर. पँट जिथे बांधतोस तिथे नाही. पँट सगळे पोटाखाली बांधतात आणि कॉलेजपासून माप तेच आहे म्हणून सांगतात. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत असावी. वजनकाट्यापेक्षा हा टेप खरं बोलतो, कारण पोटातली चरबी ही नुसती साठून राहत नाही, ती साखर वाढवते, प्रेशर वाढवते, रक्तातली चरबी बिघडवते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही आपल्या लोकांची ठेवणच धोक्याची.

रक्तवाहिनी चोंदते म्हणजे काय, ते लोकांना नळासारखं वाटतं. पाइपात गाळ बसला, ॲसिड टाकलं, मोकळा. तसं नसतं रे. चरबी आतल्या अस्तराच्या खाली, भिंतीत शिरते. तिथे सूज येते, फोडासारखा उंचवटा होतो, त्याच्यावर एक पापुद्रा धरतो. वर्षानुवर्षं तसाच राहतो, काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी तो पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद. तो फाटलेला उंचवटा कधी कधी एवढासाच असतो, म्हणून काल ट्रेडमिलवर चालवून काढलेली टीएमटी नीट आली आणि आज झटका आला असं घडतं. तंबाखू, प्रेशर, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, ही सगळी मंडळी त्या अस्तराला रोज थोडं थोडं ओरखडत असतात.

आणि हे म्हातारपणी सुरू होत नाही. १९५३ सालीच कोरियाच्या लढाईत मेलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली होती. सरासरी वय २२. दर चारांतल्या तिघांच्या रक्तवाहिन्यांत आजार सुरू झालेला होता! २२ वर्षांची, धडधाकट, भरतीच्या परीक्षा पास झालेली पोरं. आपल्याकडे तर पहिला झटका गोऱ्या लोकांपेक्षा पाच-दहा वर्षं लवकर येतो. तुझ्या मुलाला तू रोज संध्याकाळी वेफर्सचं पाकीट देतोस, त्याचं वय काय? नऊ ना?

बिडी कशी सुटली ते सांगतो, कारण तुझ्या आईची मिश्री अजून सुटलेली नाही आणि ती तंबाखूच आहे, दात घासायच्या नावाखाली. तिला वाटतं धूर नाही म्हणजे व्यसन नाही. निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं, नाडी वाढते, प्रेशर वाढतं. मी तीनदा सोडली आणि तीनदा धरली. हळूहळू कमी करतो, हे माझं तीनही वेळचं धोरण. बंडलाचं अर्धं बंडल झालं, आणि मुलीच्या लग्नात पुन्हा अख्खं. चौथ्या वेळी एक तारीख ठरवली, डबी, आगपेटी, चुना सगळं काकूच्या समोर कचऱ्यात टाकलं. पहिले तीन-चार दिवस डोकं फिरल्यासारखं होतं, घरातल्यांवर खेकसतो आपण. पण प्रत्येक तल्लफ पाच-दहा मिनिटांचीच असते, हे मला समुपदेशन करणाऱ्या पोरीने फोनवर सांगितलं आणि तेच कामाला आलं. तेवढी मिनिटं काढायची. मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचो, कुंड्या सडल्या. सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६. आईला लावून दे, तिच्याशी मराठीत बोलतील. सोडल्यावर वर्षभरात हृदयाचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. वय झाल्यावर सोडून काय उपयोग, असं म्हणणाऱ्याला माझी पोटरी दाखव.

आता चालणं. डॉक्टरांनी मला औषध दिलं आणि म्हणाले, दुखतंय तरी चालायचं. मला वाटलं थट्टा करतायत. पण उपायच तो. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने नेमाने. पायाचे स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात भागवायला शिकतात. हे मी डॉक्टरांच्या देखरेखीत केलं. तू पोटरी दुखली म्हणून मनाने करायला जाऊ नकोस, आणि पायाला जखम असेल, बसल्या जागी पाय दुखत असेल, बोटं काळी-निळी पडली असतील, तर चालायचं नाही, तडक दाखवायचं.

तुझे पाय ठीक आहेत. तुला आठवड्याला १५० मिनिटं पुरेत, भरभर. भरभर म्हणजे किती? शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढी सोपी खूण. आणि सकाळी अर्धा तास चालून आलो म्हणून पुढचे नऊ तास खुर्चीत रुतून बसायची मुभा मिळाली, असंही नाही. तासाला एकदा ऊठ. फोन आला की उभा राहा. पाणी आणायला शिपायाला सांगू नकोस. लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाऊन जिमच्या मशीनवर जिना चढणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांचं मला फार नवल वाटतं. तू ऑफिसच्या दारात रिक्षातून उतरतोस. एक स्टॉप आधी उतर. आमच्या वेळी पैसे वाचवायला लोक एक स्टॉप आधी उतरायचे, टप्पा बदलायच्या आत. त्यातले कितीतरी अजून आहेत.

खाण्याचं मी फार सांगणार नाही. आपण मालवणी माणसं, आपल्याला जिभेचं सांगणाऱ्याचा राग येतो. पण तीन-चार गोष्टी. तेल मोजून आण. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर. तुझ्याकडे पाच लिटरचा कॅन किती दिवस पुरतो ते बायकोला विचार, मला सांगू नकोस. शेंगदाणा की सूर्यफूल, करडई की मोहरी, यावर भांडण्यापेक्षा कॅन दहा दिवस जास्त पुरव. खारी, नानकटाई, बेकरीतला पफ हे वनस्पती तुपावर उभे असतात. जानेवारी २०२२पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, चांगलंच झालं. पण गाडीवरच्या कढईत सकाळचं काळं तेल संध्याकाळी नव्या तेलात मिसळतं, तिथे इन्स्पेक्टर कुठे उभा असतो? वडा खा. मीही खातो. महिन्यातून दोनदा, ज्याचं तेल पिवळं आहे त्याच्याकडे.

मासे आपले आहेतच. बांगडा, पेडवे, तारली, हे तेलकट मासे रक्तवाहिन्यांना चांगले, आणि सुरमई-पापलेटच्या मानाने स्वस्त. पण रव्यात लोळवून तेलात पोहायला सोडलेस तर माशाचं पुण्य तेलाने खाल्लं. तिखलं कर. ओल्या नारळाचं वाटण पाव नारळावर आण. नारळ आपला म्हणून त्याची चरबी वेगळी होत नाही, काकूला हे अजून पटलेलं नाही आणि मीही आग्रह धरत नाही, गणपतीत तर नाहीच. रोज एक वाटी कडधान्याची उसळ, पालेभाजी, ज्वारी-नाचणीची भाकरी, मूठभर शेंगदाणे भाजलेले, खारवलेले नाहीत. फळ चावून खा, रस काढून पिऊ नकोस.

मीठ मात्र नीट समज, कारण आपल्या घरात ते लपून बसतं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा, सपाट. भाजीतलं, आमटीतलं, पिठातलं, सगळं त्यातच आलं. मग खारा बांगडा, पापड, लोणचं, सांडगी मिरची, फरसाण, याला जागा कुठे उरते? मी चिवडा गल्लीपासून हाकेच्या अंतरावर राहतो, मला सांगतोस? ताटात मिठाची चिमूट वाढायची पद्धत आम्ही बंद केली. पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागलं, मग जीभ बसली. आता बाहेरची आमटी मला खारट लागते.

प्रेशरचं यंत्र विकत घे, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. आणि धावत येऊन लगेच लावू नकोस. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बस. अर्धा तास आधी चहा नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. बोलायचं नाही, काकू मध्ये बोलली की माझं दहाने वाढतं. दोनदा मोजायचं, मध्ये एखादं मिनिट सोडून. घरी १३५/८५च्या वर वारंवार येत असेल, दवाखान्यात १४०/९०च्या वर, तर डॉक्टरांना दाखव. प्रेशर दुखत नाही, हीच त्याची खोड आहे. तुझ्या बाबांचं शेवटचं प्रेशर कधी मोजलं होतं, हे तुझ्या आईला सांगता आलं नव्हतं.

रक्ताच्या चाचण्या आता नव्याने कर. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, ५.७च्या पुढे सरकलं की सावध, ६.५ला मधुमेह. लिपिड प्रोफाइल. आणि डॉक्टरांना आवर्जून सांग की वडील ५३व्या वर्षी हृदयविकाराने गेले. वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत, हे ऐकलं की डॉक्टर तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. लायपोप्रोटीन ए म्हणून एक तपासणी आहे, ती आयुष्यात एकदा केली तरी चालते, कारण तो आकडा बहुतांशी घराण्यातून येतो. ती करायची का, ते विचार. रिपोर्टच्या कागदावर उजवीकडे नॉर्मल म्हणून जे छापलेलं असतं ते सगळ्यांसाठी एकच नसतं. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मला ७०च्या खाली ठेवायला सांगितलंय, कागदावर त्यापेक्षा कितीतरी जास्तही ठीक दाखवतात.

गोळीचं सांगतो. मला कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन चालू झाली तेव्हा चाळीच्या ग्रुपवर लसूण-आलं-लिंबाचा रस आणि व्हिनेगरचा काढा आला. महिन्यात ब्लॉकेज साफ! पाच जणांनी मला तो वेगवेगळा पाठवला. मी प्यायलो, खोटं कशाला बोलू. छातीत जळजळ झाली, आणि या खेपेला तो खरंच गॅस होता. लसूण भाजीत चांगला. भिंतीच्या आत शिरलेली चरबी काढा वरून कसा धुणार? स्टॅटिन तरी कुठून आली, तर अकिरा एंडो म्हणून जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासून १९७३ साली एका बुरशीत तिचा पूर्वज शोधला. म्हणजे तीही निसर्गातलीच, ‘केमिकल केमिकल’ म्हणून ओरडणाऱ्यांना सांग. गोळी चालू झाली आणि आकडा खाली आला, की लोक म्हणतात, आता नॉर्मल झालं, बंद करू. अरे, ब्रेक दाबलाय म्हणून गाडी उभी आहे! पाय दुखले, अंग दुखलं तर डॉक्टरांना सांग, ते गोळी बदलून देतात. मनाने बंद करायची नाही.

झोप सात तास. रात्री दोनपर्यंत तू काय बघतोस ते मला नको सांगूस. आणि घोरण्याबद्दल तुझी बायको तक्रार करते ती हसण्यावारी नेऊ नकोस, मध्येच श्वास अडकत असेल तर दाखव, त्याने प्रेशर वाढतं.

रविवारी ये. रिपोर्टचा कागद नसला तरी ये, चौकशी करणार नाही. फक्त भारतमाता सिनेमापाशी उतर, आपल्या गल्लीच्या तोंडाशी नको. मी तिथे उभा असेन. तिथून चालत घरी येऊ, बोलत. मध्ये मंडळाचा फळा लागतो. पूर्वी मी तिथे रोज थांबायचो आणि त्यावरचा शब्द न् शब्द मला पाठ असायचा. आता गल्लीत कोण गेलं, कोण पास झालं, हे मला तुझ्या काकूकडून कळतं.